पहिल्या वर्गाचा कापूस

गोदीच्या गादीखान्यात गादीमास्तरांनी एकच नियम घालून दिला होता. पाणी उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. चहा प्यायचा तर बाहेर, हात धुवायचे तर बाहेर, ओली छत्री तर पार रस्त्यावर. एकदा गोदीचे मोठे साहेब भर पावसात काम पाहायला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांनाही उंबऱ्याबाहेर थोपवलं. "साहेब, कापूस आणि पाणी यांची सोयरीक जमत नाही," म्हणाले. साहेब निथळत बाहेर उभे राहिले आणि तिथूनच काय ते बोलून गेले. पुढे साहेब स्वतःच ही गोष्ट मोठ्या हौसेनं सांगायचे.

मास्तरांनी जन्मात कुणाला धडा शिकवला नव्हता. पण गोदीत हातात कसब असलेल्या माणसाला मास्तर म्हणायची पद्धत, म्हणून ते गादीमास्तर, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची बायको मास्तरीणबाई. दोघं गोदीच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जहाजांची धुरांडी दिसायची, त्यामुळे बाईंना कोणतं जहाज आलं नि कोणतं गेलं हे गोदीच्या कचेरीच्या आधी कळायचं.

त्यातलं एक जहाज घरच्यासारखं होतं. ते याच गोदीत बांधलं गेलं, आणि त्याचा रंग पांढराशुभ्र म्हणून सगळे त्याला 'पांढरी' म्हणायचे. कचेरीच्या दारावर त्याचं लांबलचक खरं नाव होतं, पण ते घेऊन कुणी जिभेला त्रास दिला नाही. पांढरीवर पैसेवाले लोक हवापालटाला जायचे. तिच्यावर नाचायचं दालन होतं, पोहायचा हौद होता, आणि पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी एक दिवाणखाना होता. त्या दिवाणखान्यातले सगळे सोफे मास्तरांनी भरलेले. आत सावरीचा कापूस, तोही निवडून निवडून घेतलेला. हातात घेतला तर आहे की नाही कळू नये इतका हलका. बी नाही, काडी नाही, कचरा नाही. मास्तर तळवा दाबून बघायचे आणि कापूस परत वर आला की मान हलवायचे. त्यांची परीक्षा तेवढीच, आणि ती कधी चुकली नाही असं सगळे म्हणायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच गादीखान्यात मोठा झाला. लहानपणी तो कापसाच्या ढिगात झोपायचा नि डोक्याला कापूस लावून उठायचा, म्हणून त्याला कापश्या नाव पडलं ते मिसरूड फुटल्यावरही सुटलं नाही. आईबापांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. मास्तरांनी हातात दाभण दिला तेव्हा पोरानं पहिल्याच दिवशी बोट टोचून घेतलं, आणि रक्त मखमलीवर पडू नये म्हणून बोट तोंडात घालून दिवसभर डाव्या हातानं काम केलं. मास्तर बाहेरून चिडले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "काम येईल त्याला. मालाची कदर आहे."

मग लढाई सुरू झाली, आणि पांढरी सरकारनं ताब्यात घेतली.

जहाजाला वेश बदलायला लावतात तेव्हा बघवत नाही. दोरखंडांना टांगून घेतलेल्या रंगाऱ्यांनी तिला वरपासून खालपर्यंत राखाडी करून टाकली. खिडक्यांच्या काचांना काळं फासलं. झुंबरं पेट्यांत गेली, पियानो माळ्यावर गेला. नाचाच्या दालनात तीन तीन मजली लोखंडी खाटा आल्या. पोहायच्या हौदातलं पाणी काढून त्याच्या फरशीवरसुद्धा खाटा ठोकल्या. जिथे शेकडो माणसं ऐसपैस हिंडायची तिथे हजारांनी कोंबायची होती. रंग गेला तरी गोदीवाले तिला पांढरीच म्हणत राहिले. विधवेला तिच्या लग्नातल्या नावानं हाक मारावी तसं ते ऐकू यायचं.

दिवाणखान्यातले सोफे गोदामात आले. कचेरीचा हुकूम होता की सोफे उसवा, आतला कापूस गोण्यांत भरून सुक्या जागी ठेवा, लढाई संपली की पुन्हा भरायचा आहे. मास्तरांनी स्वतः टाके काढले. त्याच सुमारास दुसरं काम येऊन पडलं. सैनिकांसाठी लाइफ जॅकेटं शिवायची. गोदीत त्यांना सगळे जाकिटं म्हणायचे. जाडसर कापडाचे कप्पे, कप्प्यांत सावरीचा कापूस, वर बांधायचे बंद. पाण्यात पडलेल्या माणसाला त्यानं तरंगत ठेवायचं. कापूस नवा यायचा, सरळ झाडावरून उतरवून गोणीत कोंबलेला. बिया तशाच, काड्या तशाच, हाताला खरखरीत. मास्तर नाक मुरडायचे. "हा कापूस मी म्हशीच्या खोगिराला भरणार नाही," म्हणायचे. म्हशीला खोगीर नसतं हे कुणी त्यांना सांगितलं नाही, कारण त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. कापश्यानं सैन्यात नाव घातलं होतं.

त्याची तुकडी कोणत्या जहाजानं जाणार हे गुपित होतं. पण गोदीत गुपित म्हणजे दोघांना ठाऊक असलेली गोष्ट तिसऱ्याला न विचारणं. आठवड्याभरात मास्तरांना कळलं की पोरगा पांढरीवरूनच जाणार.

मास्तरांनी उभ्या आयुष्यात गोदीतून दोऱ्याचं रीळ घरी आणलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी चोरी केली. गोदामातली पहिल्या वर्गाची एक गोण सोडली, एका जाकिटाला पुरेल एवढा जुना कापूस काढून घेतला, तो काठीनं झोडून, बोटांनी मोकळा करून, फुंकर घातली तर उडेल असा केला. गादीच्या धंद्यात हे सगळ्यांना पाठ असतं की दबलेला कापूस पिंजून काढला की नव्याहून सरस होतो. त्या कापसावर वर्षानुवर्षं मोठमोठी माणसं बसली होती, तरी पिंजल्यावर तो ढगासारखा झाला. तो त्यांनी आपल्या लेकाच्या जाकिटात भरला, दुहेरी टाक्यानं शिवला. घरी आले आणि हात धुता धुता बायकोला हळूच म्हणाले, "सगळ्यांना खरखरीत माल आहे. आपल्या पोराला पहिल्या वर्गाचा घातलाय."

बाई कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाल्या, "बरं केलंत. आपलं कोण आहे दुसरं."

जहाजावर चढायच्या दिवशी गोदामाच्या दारात टेबल मांडून मास्तरच जाकिटं वाटत होते. रांगेत कापश्या आला, त्याच्या मागे त्याचा दोस्त, ज्याला सगळे बांबू म्हणायचे. मास्तरांनी टेबलाखालून जाकीट काढलं.

"हे घे."

"बाबा, ढिगातलं द्या ना. सगळे बघतायत."

"बघू देत. घाल अंगात."

कापश्यानं जाकीट घातलं आणि छातीवर हात दाबून हसला. "आयला, हे तर दिवाणखान्यातलं आहे."

"तोंड बंद ठेव," मास्तर म्हणाले. त्यांनी त्याचे बंद स्वतः बांधले, एकदा सोडून पुन्हा बांधले. मग ढिगातलं एक जाकीट उचलून बांबूच्या अंगावर फेकलं. बांबूच्या हाताला लागलीच खाज सुटली आणि तो कुरकुरला. पोरगा त्यावर जे हसला ते बापानं पाहिलेलं त्याचं शेवटचं हसणं. बाई वरच्या खिडकीत उभ्या होत्या. राखाडी जहाज राखाडी पाण्यात लवकरच दिसेनासं झालं.

त्यानंतर बरेच महिने काही कळलं नाही. कळू द्यायचं नसतंच. मास्तर कामाला जात राहिले, जाकिटं शिवत राहिले. मग सरकारी माणूस जिना चढून आला, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत येणाऱ्या त्या पावलांवरूनच बाईंना समजलं. त्या चुलीपाशी होत्या. त्यांनी आधी चूल विझवली, मग दार उघडलं.

काय घडलं ते बांबूनं सांगितलं. तो लंगडत त्यांच्या घरी आला तोवर एक ऋतू उलटून गेला होता. पांढरीच्या पोटात पाण्याखालून काहीतरी फुटलं. ती एका अंगावर कलली. त्या अंगाच्या लोकांना जहाज सोडायचा हुकूम झाला. दुसऱ्या अंगाच्या लोकांना झाला नाही. होड्या पुरल्या नाहीत तेव्हा पोरांनी उड्या घेतल्या, कापश्या आणि बांबूनंही. आणि पांढरी काही बुडाली नाही. तशीच वाकडी होऊन तरंगत राहिली, दुसऱ्या जहाजानं तिला ओढत बंदरात नेली, आणि जे तिच्यावरच राहिले होते ते सगळे कोरडे उतरले. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, पण त्या दिवशी देवाला कुठली बाजू तारायची ते कळलं नसावं.

"आम्ही एका फळीला धरून होतो," बांबू बाईंना म्हणाला. "आई, त्यानं जाकीट शेवटपर्यंत अंगातून काढलं नाही. आम्ही चेष्टा करायचो, तो ते रोज उशाला घ्यायचा म्हणून. म्हणायचा, घरी निजल्यासारखं वाटतं."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच धरलं. पोर एकटं नव्हतं, बापानं हातानं केलेलं जाकीट त्याच्या अंगावर होतं, त्यानं घरच्यासारखं वाटतं म्हणून सांगितलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्यांचा आधार हा होता.

मास्तर बांबूला सोडायला जिन्यानं खाली गेले. खालच्या पायरीवर तो थांबला. "बाबा, एक सांगू का? पहाटेपर्यंत बोलत होता. मग म्हणायला लागला, जाकीट जड होतंय. मी म्हटलं दमला असशील. आजूबाजूचे सगळे तरंगत होते हो. हाच कसा खाली खाली जात होता."

"दमला असेल," मास्तर म्हणाले.

"असेल," बांबू म्हणाला, आणि अंग खाजवल्यासारखं करून निघून गेला.

लढाई संपली. जाकिटं गाड्या भरभरून गोदीत परत आली. त्यांतली कामाची कोणती ते ठरवायला फोरमननं गोदीच्या कोपऱ्यातल्या टाकीत पाणी भरलं. जाकिटाला लोखंडाचा तुकडा लटकवायचा आणि पाण्यात सोडायचं. काही दिवसभर वर राहिली. काही थोड्या वेळानं गुपचूप खाली गेली. जी खाली गेली ती मऊ होती. वर राहिली ती खरखरीत.

मास्तर निकामी जाकिटं उसवायला म्हणून तिथे उभे होते. त्यांनी विचारलं, "हे असं का?"

"पोरं वर बसतात, उशाला घेतात," फोरमन म्हणाला. "सावरीचा एकेक धागा पोकळ असतो, मास्तर. आत हवा असते, म्हणून तरंगतो. दाबून दाबून धागा मोडला की हवा गेली. मग तो पाणी पितो."

"पिंजून घेतला तर?"

"पिंजून गादीला चालेल. मोडलेला धागा काय पिंजून जुळणार आहे?"

मास्तर पुढचं जाकीट उसवायला लागले. पुढच्या सुटीच्या दिवशी, भर दुपारी, गोदीत कुणी नसताना त्यांनी बादली भरली आणि गादीखान्याचा उंबरा ओलांडून आत आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या वर्गाच्या गोणीतला मूठभर कापूस कापडाच्या पुरचुंडीत बांधला, तसाच मूठभर नवा खरखरीत कापूस दुसऱ्या पुरचुंडीत बांधला, दोन्हींना एकेक खिळा अडकवून पाण्यात सोडल्या. मग स्टुलावर बसून पाहत राहिले. आधी दोन्ही तरंगल्या. बराच वेळ तरंगल्या, आणि मास्तरांना वाटलं फोरमन काहीतरी बडबडतो. मग एकीतून बारीक बुडबुडे यायला लागले. ऊन भिंतीवरून सरकेपर्यंत ती बादलीच्या तळाला टेकली होती. दुसरी वरच होती. त्यांनी बुडालेली पुरचुंडी उचलली, तळव्यात धरून दाबली, आणि पाणी कोपरापर्यंत ओघळलं. आयुष्यभर कापसाची परीक्षा या तळव्यानं केली होती. त्यात पाणी कधी धरलं नव्हतं.

ढिगातलं दिलं असतं तर. पोरानं तर ढिगातलंच मागितलं होतं.

हे ओझं घेऊन ते घरी वावरायला लागले. शेजारीण आली की बाई पोराच्या फोटोकडे बघून सांगायच्या, "शेवटपर्यंत याच्या बापानं केलेलं जाकीट अंगावर होतं हो. पहिल्या वर्गाचा कापूस." मास्तर तोंड फिरवून उठून जायचे. शेजारणी म्हणायच्या, बापाचं दुःख मोठं.

पांढरीला पुन्हा पांढरा रंग चढला. खाटा निघाल्या, हौदात पाणी आलं, झुंबरं लागली. नाचाच्या दालनातल्या लाकडी कठड्यावर पोरांनी चाकूनं कोरलेली अक्षरं सुतारांनी रंधा मारून काढून टाकली आणि वर पॉलिश केलं. गोण्यांतला कापूस मास्तरांनी सोफ्यांत परत भरला. कोपऱ्यातल्या शेवटच्या सोफ्याला एका जाकिटाएवढा कापूस कमी पडला. तिथे त्यांनी नवा कापूस घातला. बसणाऱ्याला काय, मखमलीच्या खाली सगळं सारखंच.

पहिल्या सफरीच्या आधी कामगारांच्या घरच्यांना जहाज दाखवायची चाल होती. बाई गेल्या. त्यांनी नीट साडी नेसली होती, पण चप्पल काढून हातात घेतली, कारण गालिचा नवा होता. हौदापाशी त्या बराच वेळ थांबल्या. कुणीतरी सांगितलं होतं की पोराची खाट तिथे होती. निळ्या फरशीवर पाणी हलत होतं. मग दोघं दिवाणखान्यात आले. तिथे त्या वेळी कुणी नव्हतं. बाई सोफ्यावर टेकल्या, नवऱ्यासारखाच तळवा दाबून बघितला, आणि त्यांचा चेहरा निवळला.

"हाच ना तो? त्याच्या जाकिटातला?"

"हाच."

"किती मऊ आहे हो," बाई म्हणाल्या. "तरीच त्याला घरच्यासारखं वाटायचं."

मास्तरांना पुढे धीर धरवेना. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. टाकी, फोरमन, बादली, पुरचुंड्या. पोर फळीला धरून काय म्हणालं तेही. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, आणि सांगून झाल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. त्याची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली.

बाईंनी सोफ्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"हे मला कशाला सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "एवढं एकच होतं माझ्यापाशी."

"अगं, मला राहवलं नाही."

"तुम्हाला राहवलं नाही," बाई म्हणाल्या, आणि चपला घेऊन उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी चूल पेटवली, स्वयंपाक केला, ताट वाढलं. मास्तरांना वाटलं, आता ही भांडेल, रडेल, निदान बोलायचं थांबवेल. यातलं काही झालं नाही. थोड्या दिवसांनी वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. तिथली तरुण बाई ओळख काढायला म्हणून आली, आणि फोटोकडे तिचं लक्ष गेलं.

"मुलगा तुमचा?"

"हो. लढाईत गेला. पाण्यात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण शेवटपर्यंत याच्या बापानं हातानं केलेलं जाकीट अंगावर होतं. बाकी सगळ्यांना खरखरीत माल होता. याला पहिल्या वर्गाचा." नेहमीचे शब्द, नेहमीचा आवाज. मास्तर उठून जायला निघाले, तेव्हा बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"पहिल्या वर्गाचाच होता ना हो?"

मास्तर दारात थांबले.

"हो," म्हणाले.

तेव्हापासून बाई हे प्रत्येकासमोर मास्तरांकडून वदवून घ्यायच्या. दूधवाला, पाहुणे, बांबूची नवी नवरी, जो येईल तो. गोष्ट सांगायच्या आणि शेवटी नवऱ्याकडे वळायच्या. मास्तर आता उठून जात नसत, बसून राहत. पांढरी आणखी काही वर्षं हिंडली. मग पैसेवाले विमानानं जायला लागले आणि तिला भंगारात काढली. ती शेवटची निघाली तोवर मास्तर निवृत्त झाले होते आणि दिवसभर खिडकीशी बसलेले असायचे. शेजारची पोरं धुरांडं बघायला त्यांच्या घरी जमली होती, आणि त्यातल्या एकानं फोटोत कोण आहे ते विचारलं. बाईंनी सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग त्या वळल्या. मास्तरांना ऐकू कमी यायला लागलं होतं, पण हा प्रश्न ऐकावा लागत नव्हता.

"हो," ते म्हणाले. "पहिल्या वर्गाचाच होता."